नववी ‘ब’ घेऊन कोर्लईला

शुक्रवार, १० जानेवारी २०२५. रात्री पावणेदहाला एसटी शाळेच्या फाटकाशी थांबली. एकेक मूल खाली उतरत होतं आणि मी दारात उभी राहून मोजत होते. अडतीस भरली. मग पुन्हा आत जाऊन शेवटच्या बाकापर्यंत पाहून आले. त्या रात्री मला चार महिन्यांनी शांत झोप लागली.

दोन वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षिकांनी मला विचारलं की कोर्लईसारख्या गावात सहल न्यायची तर काय काय करावं लागतं. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना विचारायला कुणी सापडत नाही त्यांच्यासाठी, सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

सुरुवात झाली एका प्रश्नाने. मी इतिहास आणि मराठी शिकवते. आमची शाळा घाटमाथ्यावरची, मुलं शेतकऱ्यांची आणि कारखान्यात रोजावर जाणाऱ्यांची. जुलैत पोर्तुगिजांबद्दल सांगताना मी फळ्यावर शब्द लिहीत होते. पाव, बटाटा, चावी, बादली, घमेलं, तुरुंग. हे सगळे पोर्तुगिजांकडून आले म्हटल्यावर मुलांना गंमत वाटली. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, शब्द असे उडत येत नाहीत. दोन्ही भाषा बोलणारं कुणीतरी मध्ये असणार ना? ती माणसं कुठे गेली?”

मी तिला म्हटलं, ती कुठेही गेली नाहीत. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-मुरूड रस्त्यावर, कोर्लईत राहतात.

हे मी वाचून सांगितलं होतं, पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर ते मनाला लागून राहिलं.

कोर्लई कुंडलिका नदीच्या मुखाशी आहे. नदीच्या अलीकडे रेवदंडा आणि चौल, पलीकडे कोर्लईचा डोंगर थेट समुद्रात शिरलेला. चौल फार जुनं बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लिखाणातही ते सिमुल्ला वगैरे नावाने येतं. पोर्तुगिजांना तिथे किल्ला बांधायची परवानगी अहमदनगरच्या निजामशहाकडून मिळाली १५२१ मध्ये. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये लढून घेतला. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये चौल आणि कोर्लईवर मोहीम केली तेव्हा हे किल्ले हाती आले नाहीत. वसई पडल्यानंतर १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज निघून गेले. पण किल्ल्याच्या आधाराने जी ख्रिस्ती वस्ती उभी राहिली होती ती तिथेच राहिली. पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बायका, त्यांची मुलं, त्यांच्या घरात झालेली भाषा. आज ती बोली हजाराच्या आसपास माणसं बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठीची: क्रियापद शेवटी. माझ्यासारख्या व्याकरण शिकवणारीला यापेक्षा मोठं आमिष नव्हतं.

पहिली सूचना इथेच देते. अर्ज करायच्या आधी स्वतः जाऊन या. मी आणि माझे यजमान २९ सप्टेंबरला, रविवारी, मोटरसायकलवरून गेलो. रविवार मुद्दाम धरला, कारण गावातली माणसं मिस्सासाठी माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये एकत्र भेटतात. प्रार्थना संपेपर्यंत आम्ही बाहेर थांबलो. आतून मराठीत प्रार्थना ऐकू येत होती, “हे आमच्या स्वर्गातील बापा”. माणसं बाहेर पडली आणि पायऱ्या उतरता उतरता त्यांच्या तोंडातली मराठी गेली. त्याच माणसांच्या तोंडून मला एकही वाक्य कळेना. मी जागच्या जागी उभी राहिले.

फादरना भेटून सांगितलं की शाळेची मुलं आणायची आहेत, चर्च आतून पाहायचं आहे, आणि शक्य झालं तर कुणीतरी मुलांशी बोलावं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: कोणता वार, आणि मुलं किती. शुक्रवार चालेल म्हणाले, शाळेच्या लेटरहेडवर रीतसर पत्र पाठवा म्हणाले. गावातल्या एका निवृत्त गृहस्थांशी तिथेच ओळख करून दिली. त्यांना पुढे आम्ही सगळे काकाच म्हणायला लागलो. काका म्हणाले, “आमच्याकडे लोक किल्ला बघायला येतात, भाषा ऐकायला फार थोडे. मुलांना आणा, पण आम्ही काय प्राणिसंग्रहालय नाही, एवढं सांगून आणा.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मी ते वहीत लिहून घेतलं आणि सहलीच्या आधी वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवलं.

मग कागदपत्रं.

मुख्याध्यापक सरांनी होकार दिला आणि १७ ऑक्टोबरला परवानगीचा अर्ज शिक्षण कार्यालयात दिला. दोनच दिवस आधी विधानसभेची आचारसंहिता लागली होती. कार्यालयातले अर्धे लोक निवडणुकीच्या कामावर, आमच्या शाळेतले सहा शिक्षकही. नंतर दिवाळीची सुट्टी. २० नोव्हेंबरला मतदान झालं आणि २८ नोव्हेंबरला आमचा अर्ज त्रुटी काढून परत आला. त्रुटी दोन. ठिकाण समुद्रकिनाऱ्यावर आहे म्हणून मुलांना पाण्यात उतरवणार नाही असं मुख्याध्यापकांचं वेगळं हमीपत्र हवं, आणि वाहनाचा तपशील जोडलेला नाही.

पहिल्या त्रुटीबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. कोर्लईहून मुरूड फार लांब नाही. हमीपत्र मी स्वतः लिहिलं, त्यात ‘पाऊलभर पाण्यातही नाही’ असे शब्द घातले.

दुसऱ्या त्रुटीने मात्र दमवलं. कार्यालय म्हणे बसचा तपशील द्या, मग परवानगी. आगार म्हणे परवानगीची प्रत द्या, मग बसचं आरक्षण. एकाला दुसऱ्याचा कागद हवा, दुसऱ्याला पहिल्याचा. मी चार वेळा आगारात गेले. प्रत्येक वेळी मधली सुट्टी आणि पुढचा एक तास, आणि तो तास दुसऱ्या दिवशी भरून काढायचा. चौथ्या वेळी तिथल्या एका वयस्क लिपिकांनी मार्ग सांगितला: “मॅडम, तारीख, मार्ग आणि किलोमीटर लिहून अर्ज द्या. त्यावर ‘बस उपलब्ध होऊ शकेल’ असा शेरा आणि शिक्का घेऊन जा. तेवढं चालतं.” चाललं. कुणाची अशी कोंडी झाली तर हे लक्षात ठेवा.

एसटीची ही पद्धत म्हणजे प्रासंगिक करार. शालेय सहलीला भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळते. आमच्याकडून घेतले ते कागद: मुख्याध्यापकांचं पत्र, मुलामुलींची शिक्क्यासह यादी दोन प्रतींत, सोबतच्या शिक्षकांची नावं, परवानगीची प्रत. अनामत आधी भरावी लागते आणि परत आल्यावर प्रत्यक्ष किलोमीटर पाहून हिशोब होतो. यादीत मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच लिहा. मी तीन मुलांची नावं हाकेची लिहिली आणि सगळी यादी पुन्हा टंकून घ्यावी लागली.

पालकसभा ७ डिसेंबरला होती. तिची मला कागदांपेक्षा जास्त धास्ती होती.

पैशांचा प्रश्न सोपा होता. माणशी साडेतीनशे रुपये, सक्ती नाही, आणि ज्यांना जमणार नाही त्यांचं आम्ही शिक्षक पाहू, कुणाचं नाव फुटणार नाही. समुद्राचा प्रश्न हमीपत्र वाचून दाखवल्यावर मिटला. तिसरा प्रश्न विचारायला कुणी उठेना. शेवटी एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, किल्ले आपल्याकडे कमी आहेत का? पोरांना चर्चमध्ये कशाला न्यायचं?”

सभेत कुजबुज झाली. मी याची तयारी केली होती, तरी घसा कोरडा पडला. मी म्हटलं, पोरांना बाटवायला कुणी बसलेलं नाही तिथे. आपण इतिहास वाचतो, हा त्यातला जिवंत भाग आहे. आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसं पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ गावी पर्शियाहून नेमलेला बिशप आहे असं लिहून ठेवलं, आणि ते गाव म्हणजे आपलं कल्याण असं अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्या वेळी सोपाऱ्यालाही ख्रिस्ती वस्ती होती. वास्को द गामा तेव्हा जन्मायचा होता. मग मी त्यांना विचारलं, तुम्ही सकाळी न्याहारीला काय खाता? ते म्हणाले, चहा-पाव. मी म्हटलं, पाव हा शब्द ज्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आला, त्यांच्या नातवंडांना भेटायला जातोय.

बऱ्याच जणांनी सह्या केल्या. त्या वडिलांनी केली नाही. त्यांचा मुलगा वर्गातला सगळ्यात चांगला वाचणारा. मी नंतर दोनदा घरी गेले. त्यांनी चहा दिला, आदराने बोलले, पण नाही म्हणजे नाही. संमतीपत्र पालकांच्या हक्काचं असतं आणि त्यावर जबरदस्ती करता येत नाही, करूही नये. तरी त्या मुलाचं नाव यादीतून खोडताना मला फार वाईट वाटलं.

आधी ठरलेली तारीख ३ जानेवारी होती. परवानगी आलीच ६ जानेवारीला, म्हणून सहल १० तारखेला गेली. दोन्ही वेळा शुक्रवारच धरला होता. शनिवार-रविवारी अलिबागचा रस्ता मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरून जातो, तेव्हा शाळांनी आठवड्याच्या मधलाच दिवस घ्यावा. तारीख ठरवताना भरती-ओहोटीही पाहा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. दहा तारखेला एकादशी होती. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी दोन-अडीचला ओहोटी. मुलांनी वर्गात हे गणित केलं. गणिताच्या सरांना ते इतकं आवडलं की ते सहलीला यायला तयार झाले, आणि आम्हाला चौथा शिक्षक मिळाला. दहा मुलांमागे एक शिक्षक हवाच, आणि मुली असतील तर शिक्षिका हवीच.

पहाटे पाचला निघालो. बोरघाट उतरताना चार जणांना उलटी झाली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, लिंबू आणि आवळासुपारी जवळ होती, तरी पुढच्या वेळी उलटीची सवय असलेल्यांना पुढच्या बाकांवर बसवेन. खोपोली, पेण, वडखळ. पेणच्या पुढे नाश्त्याला थांबलो. एकादशीमुळे सात मुलींचे डबे साबुदाण्याच्या खिचडीचे होते, बाकीच्यांनी पोहे खाल्ले. अलिबाग मागे टाकून चौलच्या वाड्यांत शिरलो तसा रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, मधून बस जेमतेम जाईल एवढी जागा. समोरून दुसरी एसटी आली की आमचे चालकदादा आरशातून हात दाखवत आणि दोन्ही बस कुंपणांना घासत निघत.

रेवदंड्याचा पूल आला तेव्हा मी मुलांना उभं केलं नाही, पण खिडक्या उघडायला सांगितल्या. डावीकडे खाडी, उजवीकडे नदीचं मुख आणि त्यापलीकडे समुद्र. अख्खी बस गप्प झाली. मी हा वर्ग इतका गप्प कधी पाहिला नाही. एक मुलगा हळूच म्हणाला, “संपतच नाही.”

हा पूल १९८० च्या दशकातला. तोवर कोर्लईच्या लोकांना पलीकडे यायला होडी लागायची. ती बोली इतकी वर्षं टिकली त्यात या पाण्याचाही वाटा आहे.

सव्वादहाला पोहोचलो. बस गावाच्या गल्लीत जात नाही, तेव्हा मुख्य रस्त्यावर जागा पाहून उभी करावी लागते. पाण्याच्या बाटल्या तिथेच भरून घ्या. चर्चपर्यंत चालत गेलो. काका दारातच उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. (इस्त्री हाही पोर्तुगीज शब्द, एका मुलाने लगेच वहीत टिपला.)

“चपला काढायच्या का?” सगळ्यांत पुढच्या मुलीने विचारलं. काका म्हणाले, “तुमच्या घरी देवाजवळ जाताना काढतात ना? मग काढा.” शहात्तर चपला पायऱ्यांशी ओळीने लागल्या.

आत मुलं बाकांवर बसली. मी आधीच सांगितलं होतं की कुठे हात लावायचा नाही, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, कुजबुजायचं नाही. फादरनी पाच-सात मिनिटं मराठीत माहिती दिली: हा चर्च माउंट कार्मेल मातेचा, सण १६ जुलैला भर पावसात येतो, नोकरीधंद्याला मुंबईत गेलेली माणसं त्यासाठी गावी येतात. मग त्यांनी विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे? एका मुलाने विचारलं, “तुम्ही देवाशी कोणत्या भाषेत बोलता?” फादर काकांकडे पाहून हसले. काका म्हणाले, “चर्चमध्ये मराठीत. घरी, दुखलं-खुपलं की आपल्या भाषेत.”

आवारात आल्यावर काकांनी त्या भाषेचं नाव सांगितलं: नॉ लिंग. आणि व्हायचं तेच झालं. नववीची मुलं. मागच्या रांगेत खसखस पिकली, मग पुढच्या. मला लाज वाटली, पण काकांनी हात वर केला आणि म्हणाले, “हसा. सगळे हसतात. पोर्तुगिजांत लिंग्वा म्हणजे जीभ. त्याचं आमच्याकडे झालं लिंग. नॉ म्हणजे आपली. आपली जीभ, आपली भाषा. आता तुम्ही तुमच्या भाषेला काय म्हणता?” कुणीतरी म्हणालं, मराठी. “ते नाव झालं. तुम्ही घरात तिला काय म्हणता?” कुणालाच उत्तर देता आलं नाही. आपण घरात आपल्या भाषेला काहीच म्हणत नाही. मी वीस वर्षं मराठी शिकवते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पलीकडच्या घराच्या पडवीत एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकांनी त्यांना हाक मारली आणि त्या दोघांचं संभाषण सुरू झालं. कशाबद्दल होतं ते आम्हाला कळत नव्हतं. आजींचा हात सुपात चालूच होता. खडा सापडला की अंगठा आणि तर्जनीत धरून उजवीकडे टाकत, वाक्य न तोडता. मुलं अर्धवर्तुळ करून उभी राहिली. आधी मान वाकडी करून ऐकत होती, मग त्यांच्या ओठांची हालचाल पाहायला लागली. आजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, शब्द सुटे करून. माझी ती प्रश्नवाली मुलगी एकदम म्हणाली, “बाई, शेवटचा शब्द क्रियापद आहे! त्या शेवटी थांबतात, आपल्यासारख्या.” काकांनी वाक्याचा अर्थ सांगितला: एवढी पोरं आली आहेत, यांना मी पाणी कशात देऊ? शेवटचा शब्द ‘देऊ’ होता.

पाणी कळशीतून आलं, आणि स्टीलचे चार पेले अडतीस जणांत फिरले.

जाताना आजी मराठीत म्हणाल्या, “आमच्या घरातली लहान पोरं आता मराठीच जास्त बोलतात. शाळेत जातात ना.” आजींनी ते सहज सांगितलं. मी मात्र शाळेतली बाई, मराठी शिकवणारी, आणि हे ऐकून मला काय बोलावं ते सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्यांची वाट आहे. दीपगृह १९५५ चं. ते आतून पाहायचं असेल तर वेळा आधी विचारून घ्या, आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. चढायला मुलांना अर्धा तास लागला, आम्हाला जरा जास्त. उन्हात सावली नाही, म्हणून टोप्या आणि माणशी एक लिटर पाणी हवंच. किल्ला डोंगराच्या धारेवर लांबट पसरलेला, एकामागून एक दरवाजे, तोफा, आणि छप्पर गेलेलं चर्च. त्या चर्चच्या भिंतींच्या मध्ये गवत कमरेएवढं होतं. मुलांना पुढे जायचं होतं पण मी रांग मोडू दिली नाही, कारण तटाला कठडा नाही. एकाचा पाय घसरून गुडघा फुटला. आयोडिन, कापूस, पट्टी. प्रथमोपचाराची पेटी बसमध्ये ठेवू नका, पाठीवर घेऊन चढा. वरून एका बाजूला कुंडलिकेचं मातकट पाणी आणि दुसऱ्या बाजूला निळा समुद्र दिसतो. गणिताच्या सरांनी घड्याळ पाहिलं: दोन वाजून वीस मिनिटं. खाली वाळू उघडी पडली होती. हिशोब जुळला म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या.

डबे वरच खाल्ले. खाली उतरल्यावर मुलं समुद्राकडे पाहत राहिली. एवढ्या लांब आणून पाण्याला पाय लावू द्यायचा नाही, हे त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम होतं. कोरड्या वाळूत रेघ ओढली आणि तिच्या अलीकडे वीस मिनिटं बसू दिलं. चार शिक्षक रेघेच्या पलीकडे पाण्याकडे पाठ करून उभे. कुणीही रेघ ओलांडली नाही. वाळू मात्र खिसे भरभरून घेतली.

परतीला रेवदंड्याच्या किल्ल्यात तासभर काढला. पोर्तुगिजांच्या मठाचा उंच मनोरा अजून उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. अंधार पडायच्या आत अलिबाग ओलांडायचं होतं म्हणून चौलची देवळं राहिली. तिथे एक अख्खा दिवस द्यावा असं माझं मत आहे.

खर्च असा आला: बस सवलत धरून ९,८०० रुपये, नाश्ता १,८९०, संध्याकाळचा वडापाव-चहा १,०५०, औषधं ३१०. जमा १३,३००, उरले २५०, त्यांचं काय झालं ते पावतीसह वर्गात लावलं. चर्चच्या पेटीत आम्ही शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून टाकले, शाळेच्या हिशोबात ते धरले नाहीत. आमच्यानंतर पंधरा दिवसांतच एसटीची भाडेवाढ झाली, तेव्हा तुमचा आकडा आमच्यापेक्षा वर जाईल.

सहलीचा अहवाल १७ जानेवारीला कार्यालयात दिला. त्यात भेट दिलेली ठिकाणं, हजेरी, खर्च आणि ‘कोणताही अनुचित प्रकार घडला नाही’ एवढं लिहायचं असतं. फुटलेला गुडघा मी लिहिला.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर मुलांनी एक मोठा कागद लावला आहे. पोर्तुगीजमधून आलेले मराठी शब्द, ज्याला सापडेल त्याने लिहायचे. पगार, फीत, लिलाव, हापूस, परात, पिंप, नाताळ. सोमवारी मी वर्गात गेले तेव्हा जो मुलगा येऊ शकला नव्हता तो त्या कागदाशी उभा होता आणि दोघंतिघं त्याला आजींचं वाक्य म्हणून दाखवायचा प्रयत्न करत होती. प्रत्येकाचं वेगळं होत होतं, भांडण लागलं होतं. त्याने विचारलं, “पण शेवटचा शब्द देऊ, एवढं नक्की ना?” तिघंही म्हणाली, नक्की. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि यादीच्या तळाशी एक शब्द लिहिला. घमेलं. त्याचे वडील बांधकामावर जातात.

“तो आधीच आहे,” एक जण म्हणाला, “बाईंनी फळ्यावर लिहिला होता.”

“असू दे,” तो म्हणाला, आणि खोडला नाही.